अर्जावरील तिसरा रकाना

नोकरीत वा महाविद्यालयात एखाद्याने आपले स्त्रीत्व वा पुरुषत्व कोणत्या वेषाने, कोणत्या नावाने प्रकट करावे, यासंबंधी समाजात एकमत नाही. मालवणच्या बाररूममध्ये परवा हाच वाद झाला. एक पक्ष म्हणाला, जन्माच्या दाखल्यावर लिहिले तेच लिंग. दुसरा म्हणाला, माणूस स्वतःस जे जाणतो तेच खरे. हा वाद मिटेल तेव्हा मिटो. परंतु तोवर कोणास दाराबाहेर उभे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

२०२२ साली महाराष्ट्रात पोलीस भरती निघाली. ऑनलाइन अर्जात स्त्री व पुरुष असे दोनच रकाने होते. आर्या पुजारी व आणखी एक तृतीयपंथी उमेदवार यांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. न्यायाधिकरणाने तिसरा रकाना ठेवण्याचा आदेश दिला, तर शासन त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. धोरण नाही, शारीरिक चाचणीचे निकष नाहीत, ही सबब पुढे झाली. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने नाराजी दर्शविल्यावर शासनाने रकाना मान्य केला. नियम करण्यास २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत मुदत मिळाली.

कोणी किती धावावे, हा प्रश्न खोटा नव्हे. पण नियम करणे हे शासनाचे कर्तव्य. त्याच्या दिरंगाईचा दंड उमेदवाराने का भरावा? सर्वोच्च न्यायालयाने तर १५ एप्रिल २०१४ रोजीच सांगितले होते की, वेष, शब्द व वर्तन यांतून आपली लिंग-ओळख प्रकट करणे हा घटनेच्या १९ व्या कलमातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय. २०१९ च्या कायद्याने शिक्षणातील व नोकरीतील भेदभावास मनाई केली.

वेष ही क्षुल्लक बाब, असे म्हणणाऱ्यांनी महाड आठवावे. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींस लुगडे नेसण्याची जुनी पद्धत टाकून देण्यास सांगितले. कारण त्या पद्धतीवरून जात ओळखू येत असे. आपण काय नेसावे हे दुसऱ्याने ठरविणे म्हणजे आपली पायरी दुसऱ्याने ठरविणे होय, हे आपल्या घराण्यांनी सोसून जाणले आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, उद्या आपल्याच वस्तीतील एखादे मूल निराळ्या वेषात शाळेत शिकवू लागले, कचेरीत बसू लागले, तर हसू नका. काम कसे करते, एवढेच विचारा. जन्माने चिकटविलेली ओळख नाकारूनच आपण दीक्षा घेतली. तोच जन्माचा दाखला दुसऱ्याच्या तोंडावर फेकणे आपणांस शोभणार नाही.