पुढील हंगामाची आशा

सामन्यांचा हंगाम आटोपला आणि पराभवाची बोच थोडीशी बोथट झाली, म्हणजे आमच्या या पिंपरी-चिंचवडच्या परिसरात एक वाक्य हटकून कानी येऊ लागते : "पुढच्या वर्षी बघा!" आमच्या शाळेतून बाहेर पडलेली मुले आज पिंपरी, आकुर्डी, निगडी, भोसरी, चाकण अशा ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांतील काही तेथील बास्केटबॉल संघांतून खेळतात. जे खेळत नाहीत, ते कठड्याशी उभे राहून घसा कोरडा करितात. सुट्टीत ही मंडळी शाळेत भेटावयास आली, की अभ्यासाची चौकशी दोन वाक्यांत संपते आणि संघाच्या भवितव्याची चर्चा घंटाभर चालते. त्या चर्चेचा सूर मात्र दरवर्षी एकच असतो. यंदा दैव फिरले. पुढच्या वर्षी दिवस पालटतील.

ही आशा वेडगळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. हरलेल्या संघावर ज्यांचे प्रेम टिकते, त्यांच्या अंगी निष्ठेचा गुण आहे, हे उघड आहे. परंतु आशेच्याही जाती असतात. एक आशा अशी, की जून-जुलैत नव्या प्रवेशाबरोबर कोणी सहा फूट चार इंचांचा मुलगा देवदूतासारखा अवतरेल आणि सारे प्रश्न मिटवील. दुसरी अशी, की पंच बदलले, कोच बदलला, गटवारी सोपी आली, म्हणजे विजय आपोआप पदरी पडेल. या दोन्ही आशा आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्या आहेत. तिसरी एक आशा आहे. ती मौन असते, घाम गाळते, आणि तिचा आरंभ पराभवाच्या दुसऱ्या दिवशीच होतो. आमचे मत असे, की संघाच्या चाहत्यांनी पहिल्या दोन आशा सोडून देऊन या तिसरीची कास धरावी.

या खेळाचा इतिहासच या मताला पुष्टी देतो. 1891 सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, ख्रिस्ती तरुण संघाच्या प्रशिक्षणशाळेत, जेम्स नेस्मिथ नामक शिक्षकाने हिवाळ्यात कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा खेळ रचिला. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि खेळ सुरू झाला. हेच नेस्मिथ 1898 साली कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांच्या कारकिर्दीत त्या संघाने 55 सामने जिंकले आणि 60 गमावले! ज्याने खेळ निर्माण केला, त्याच्याच संघाच्या खाती विजयांहून पराजय अधिक जमा झाले. तथापि त्या विद्यापीठाने खेळ टाकिला नाही. तेथेच पुढे एकामागून एक नामांकित प्रशिक्षक व खेळाडू तयार झाले, आणि 1952, 1988, 2008 व 2022 या साली त्याने अमेरिकेतील महाविद्यालयीन विजेतेपद पटकाविले. पहिल्या पराभवापासून पहिल्या विजेतेपदापर्यंत अर्धशतक लोटले होते. आमचे तरुण मित्र एका पावसाळ्यात अधीर होतात, तेव्हा हा हिशेब त्यांस सांगावासा वाटतो.

महाविद्यालयीन संघाची एक अडचण अशी आहे, की तो कायमचा नसतोच. पदवीचा अभ्यासक्रम तीन किंवा चार वर्षांचा. पहिल्या वर्षी मुलगा बुजरा असतो, दुसऱ्या वर्षी खेळ समजू लागतो, तिसऱ्या वर्षी हात बसतो, आणि हात बसला न बसला तोच पदवीचा कागद हाती घेऊन तो निघून जातो. यास्तव दरवर्षी संघ निम्मा जुना व निम्मा नवा असावयाचा. हे ध्यानी घेतले, म्हणजे पुढील हंगाम कोणावर अवलंबून आहे, हे सहज कळेल. ज्याच्या नावाचा आज जयघोष होतो, त्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूवर तो अवलंबून नाही. यंदा ज्याने बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या, त्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलावर आहे. चाहत्यांस त्याचे नावही बहुधा ठाऊक नसते. ते त्यांनी विचारून घ्यावे, ही आमची पहिली विनंती.

आता या स्थळाच्या अडचणी पाहू. 1954 साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, त्यानंतर आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे यंत्रांचा घरघराट वाढत गेला, 1982 साली महानगरपालिका झाली, आणि पुढे चाकणच्या माळरानावर मोटारींचे प्रचंड कारखाने उभे राहिले. मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि परप्रांत येथून माणसे पोटासाठी येथे आली. आमचे बहुतेक खेळाडू या माणसांचीच मुले. वडील रात्रपाळीहून सकाळी येऊन निजतात, त्यामुळे घरात आवाज करावयाचा नाही. आई कोठे तरी कामाला जाते. आणि मुलगा स्वतः महाविद्यालय सुटल्यावर एखाद्या दुकानात वा वर्कशॉपात चार तास उभा राहतो. चाकणकडून येणाऱ्यास पुणे-नाशिक रस्त्यावरील वाहनांच्या खोळंब्यात किती वेळ घालवावा लागेल, हे कोणालाच सांगता येत नाही. सायंकाळी साडेपाचच्या सरावास पाचांपैकी तिघेच हजर राहिले, तर त्यास आळस म्हणणे सोपे आहे. न्याय्य मात्र नाही.

त्यात भर पावसाळ्याची. विद्यापीठाचे वर्ष सुरू व्हावयास आणि मृगाच्या सरी कोसळावयास एकच गाठ पडते. पुष्कळ ठिकाणी कोर्ट उघडे व सिमेंटचे; त्यावर पाणी साचले, की चेंडू उसळत नाही आणि पाय घसरतो. संघ जमवून सराव घडावयाचा तो काळ आभाळाकडे पाहण्यात जातो, आणि पाऊस ओसरतो तो सामने तोंडावर आलेले असतात. पावसाने बास्केटबॉलची अशी थट्टा अन्यत्रही केली आहे. 1936 साली बर्लिन येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये प्रथम पदकासाठी खेळला गेला. अंतिम सामना उघड्या मातीच्या मैदानावर भर पावसात झाला, चिखलामुळे चेंडू ड्रिबल करणे दुरापास्त झाले, आणि अमेरिकेने कॅनडास केवळ 19 विरुद्ध 8 अशा गुणांनी हरविले. म्हणून आमची दुसरी सूचना अशी, की सरावाचे वर्ष जूनपासून न मोजता जानेवारीपासून मोजावे. जानेवारी ते मे हे कोरडे महिने आपल्या हाती आहेत. परीक्षेचे दिवस वगळले तरी आठवड्यास तीन प्रभाती, एकेक तास, एवढे साधले तर पावसाळा आला तरी हात गंजणार नाहीत. आणि पावसाळ्यातील चार महिने एखाद्या कारखान्याच्या वा महानगरपालिकेच्या बंदिस्त सभागृहाचे दोन-चार तास मागून घेण्याची खटपट माजी विद्यार्थ्यांनी करावी. विद्यार्थ्याच्या अर्जास जेथे उत्तर मिळत नाही, तेथे त्याच कारखान्यात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्याच्या शब्दास मिळण्याचा संभव आहे.

कष्टकऱ्यांच्या वस्तीत हा खेळ रुजत नाही, असे कोणी म्हणेल, तर त्यास आम्ही मुंबईच्या नागपाड्याचे उदाहरण देऊ. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाडा नेबरहुड हाऊस ही समाजसेवेची संस्था काढिली. 1936 साली सुरू झालेल्या आणि आज टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने प्रसिद्ध असलेल्या शाळेचे पहिले संचालकही तेच. गिरणगावाला लागून असलेल्या त्या दाट, दरिद्री मोहल्ल्यात बास्केटबॉल असा काही रुजला, की तेथील गल्ल्यांतून महाराष्ट्राच्या व भारताच्या संघांना पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू मिळाले. भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविणारे आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर हे त्याच वस्तीतले. तेथे जागेची सुबत्ता नव्हती आणि पैशाचीही नव्हती. मोठ्यांनी खेळावे, लहानांनी पाहावे, आणि पाहता पाहता लहानांनी मोठ्यांची जागा घ्यावी, ही रीत मात्र होती. आमच्या पट्ट्यात कबड्डी व कुस्ती यांना ही परंपरा आहे. भोसरी-चिखलीकडचे मूल चालू लागते तोच आखाडा पाहते. बास्केटबॉलला ती परंपरा द्यावयाची असेल, तर महाविद्यालयाच्या खेळाडूंनी महिन्यातून दोन शनिवार जवळच्या शाळेच्या मैदानावर यावे. पाचवी-सहावीतील मुलांस त्यांनी आज पास द्यावयास शिकविले, तर सात वर्षांनी प्रवेशाच्या रांगेत देवदूताची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.

आता खेळातील एक लहान गोष्ट. आमचे तरुण मित्र उंच उड्या आणि दूरवरच्या तीन गुणांच्या बास्केटा यांवर लुब्ध असतात. फ्री थ्रोकडे कोणी पाहत नाही. कड्याची उंची 3.05 मीटर, रेषा ठरलेली, समोर कोणी अडविणारा नाही, चेंडू हातात, आणि विचार करावयास पाच सेकंद. येथे उंची उपयोगी पडत नाही, धावण्याचा वेगही नाही. उपयोगी पडतो तो केवळ सराव आणि शांत चित्त. समजा, एका सामन्यात संघास वीस फ्री थ्रो मिळाले. आठ पडले तर आठ गुण, तेरा पडले तर तेरा. मधले पाच गुण एवढ्याने कित्येक सामन्यांचा निकाल फिरतो. प्रत्येक खेळाडूने एक वही ठेवावी, रोज पन्नास फ्री थ्रो घ्यावे, किती पडले ते तारीखवार लिहावे. वर्षाअखेरीस ती वही विजयचिन्हापेक्षा अधिक खरे बोलेल. गरीब संघास, ठेंगण्या संघास, वेळ कमी असलेल्या संघास श्रीमंत व उंच संघाच्या बरोबरीस आणणारी ही एक जागा आहे. ती आपण फुकट दवडावी, याचे आम्हांस वाईट वाटते.

चाहत्यांच्या कर्तव्याविषयीही दोन शब्द. सामन्याच्या दिवशी ढोल वाजविणे हे प्रेम खरे. पण ते एका दिवसाचे. पंचास शिव्या घालणे आणि चुकलेल्या खेळाडूची मोबाइलवर टवाळी करणे, हे तर प्रेमच नव्हे. ज्यास चाहता म्हणवून घ्यावयाचे असेल, त्याने सरावास येऊन उडालेले चेंडू परत द्यावे, घड्याळ धरावे, खेळाडूची बुडालेली टिपणे उतरवून द्यावी, उशीर झालेल्यास आपल्या दुचाकीवरून घरी पोहोचवावे. संघ पाच जणांचा दिसतो, परंतु त्याच्या पाठीशी पन्नास जणांचे हात असावे लागतात.

मुलींच्या संघाचा विसर पडू नये, हेही आग्रहाने सांगतो. मुलांचा संघ हरला तर हळहळ होते. मुलींचा संघ उतरला की नाही, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. आणि वस्तुस्थिती अशी, की 2017 साली बेंगळुरू येथे आशिया चषकाच्या ब गटात विजेतेपद मिळवून वरच्या गटात जाणारा भारतीय संघ महिलांचाच होता. त्या संघात आपल्या पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे तिने भारताचे कर्णधारपदही सांभाळिले. वरच्या गटात जपानसारख्या संघांकडून या मुलींना मोठे पराभवही सोसावे लागले. पण वरच्या पायरीवरील पराभव हा खालच्या पायरीवरील विजयापेक्षा अधिक शिकवितो, हे त्यांनी पत्करिले. आमच्या मुलींस सायंकाळी सुरक्षितपणे घरी पोहोचण्याची सोय झाली, तर त्यांच्या संघाची सुधारणा मुलांहून लवकर होईल, अशी आमची खात्री आहे.

कोणी सुज्ञ पालक विचारतील, की या चेंडूने पोट भरते काय? प्रश्न रास्त आहे. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा आहेत, हे खरे. पण त्या गाठणारे थोडे. त्या आमिषाने कोणी खेळावे, असे आम्ही म्हणणार नाही. आम्हांस भीती निराळीच वाटते. संघ सतत हरू लागला, चाहते पांगले, की संस्थेस कोर्टावरचा खर्च अनाठायी वाटू लागतो, आणि क्रीडांगणाचे वाहनतळ व्हावयास फार दिवस लागत नाहीत. मग ज्या मुलाच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे आहेत, ज्यास उद्या पाळीच्या भोंग्यावर जगावयाचे आहे, त्यास मोकळेपणी धावावयास या शहरात जागा कोठे उरेल? त्या आखलेल्या 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद चौकोनात कायम नोकरदाराचा मुलगा आणि कंत्राटी कामगाराचा मुलगा एकमेकांस चेंडू दिल्यावाचून जिंकू शकत नाहीत. हा धडा पुस्तकातून शिकविण्याचा आम्ही वर्षानुवर्षे प्रयत्न करीत आहो. मैदानावर तो एका सायंकाळी शिकता येतो.

तेव्हा पुढच्या वर्षी काय पाहावे? चषक आला तर आनंदच आहे. परंतु सुधारणेची आमची मोजमापे साधी आहेत. सरावास येणाऱ्यांची संख्या वाढली काय? वहीतील फ्री थ्रोचा आकडा चढला काय? शेवटच्या दहा मिनिटांत संघ पहिल्या दहा मिनिटांइतकाच धावला काय? हरल्यावर खेळाडूंनी प्रतिपक्षाचा हात मनापासून हाती घेतला काय? या चार प्रश्नांस 'होय' असे उत्तर मिळाले, तर गुणफलक काहीही सांगो, संघ सुधारला असे आम्ही समजू. आणि गुणफलकासही ते फार काळ नाकारता येणार नाही. "पुढच्या वर्षी बघा" असे म्हणणाऱ्या प्रत्येक तरुण मित्रास आमचे एवढेच सांगणे आहे : ते पुढचे वर्ष उद्या सकाळी सहा वाजता सुरू होत आहे, चेंडूत हवा भरून ठेवा.