झटके मोजा, पण तेवढेच नको

काही रुग्णांना फिट येते, पण फिट चालू असतानाही मेंदूच्या आलेखात अपस्मार सापडत नाही. घरचे म्हणतात, सोंग! सोंग नव्हे ते. मेंदूचे कार्य बिघडलेले असते. मग उपचाराचा गुण ओळखावा कशावरून? ब्रिटनमध्ये अशा ३६८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांना समुपदेशनाची पद्धतशीर जोड मिळालेल्यांचे झटके वर्षअखेर इतरांपेक्षा विशेष कमी नव्हते. मात्र त्यांचे रोजचे व्यवहार अधिक सुधारले होते. याला अपयश म्हणायला मी तयार नाही. माझ्या केसपेपरवर झटक्यांच्या आकड्याशेजारी दुसरा रकाना असतो : एकटी बाजारात गेली का? कामावर किती दिवस? घरच्यांनीही वहीत तारीखवार एवढे टिपून आणावे.