यंत्राला शिव्या आणि शेठला सलाम



परवा चलथाणला एका घरी सत्यनारायणाच्या प्रसादाला जमलो होतो. घरमालक एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचे पंचिंग करतात, वीस वर्षे झाली. पूर्वी साडीची एक बॉर्डर काढण्यापासून काम त्यांच्याकडे असे. आता मार्केटमधल्या शेठचा मुलगा चहा येईपर्यंत एआयकडून चाळीस नमुने काढून घेतो आणि यांच्याकडे फक्त टाके दुरुस्तीला पाठवतो. दर निम्मा. कॅटलॉगच्या फोटोला मॉडेलही लागत नाही, साडी नेसलेली बाई संगणकच तयार करतो. हे ऐकून आपल्या एका पुढाऱ्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले, "एआयविरुद्ध खासदारांना निवेदन देऊ!"

द्या. फोटो छान येईल.

मी बँकेत कारकून आहे. बँकांत संगणक आणण्याबाबत कर्मचारी संघटनांचे करार झाले ते १९८३ आणि १९९३ साली. पुढे २०००-०१ मध्ये लाखाच्या आसपास लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले, त्यानंतर मी लागलो. मोत्यासारख्या अक्षरात लेजर लिहिणारी माणसे मी पाहिली आहेत. संगणक थांबला नाहीच, पण तो कोणत्या अटींवर यायचा हे बोलायला समोर संघटना होती. पंचिंगवाल्याच्या बाजूने बोलायला कोण आहे?

आपली खानदेशी कुटुंबे ताप्ती लाइनच्या गाडीने इथे आली, तीन पिढ्या झाल्या. साच्यावर राबली, काहींनी स्वतःची खाती टाकली. १९९९ साली केंद्राने नवीन यंत्रासाठी व्याजात सवलतीची योजना आणली तेव्हा ज्यांच्याकडे ताळेबंद होता त्यांनी रॅपिअर घेतले. आपला माणूस चिठ्ठीवर जॉबवर्क करत होता, तो साध्या मागावरच राहिला. यंत्र तेव्हाही नवीन होते. आपण मागे पडलो ते कागदामुळे.

आणि आजही तेच. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या लहान कारखानदाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून तर थकवलेली रक्कम शेठला प्रत्यक्ष दिल्याशिवाय आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. आपल्या किती जणांची नोंदणी आहे? चार-चार महिने पेमेंट अडकलेला माणूस नवीन संगणक आणि नवीन सॉफ्टवेअर कशाने घेणार? मंडळाच्या शालीने?

कोणी म्हणेल, कायदा दाखवला तर शेठ उद्यापासून काम बंद करील. एकट्याने दाखवला तर नक्कीच करील! म्हणून तर समाज हवा. पण निवडणूक आली की आपण उमेदवाराकडे मागतो काय? वाडीला पत्रे, हॉलला पंखे, आणि आपल्या एकाला तिकीट. तिकीट मिळालेला माणूस मग पाच वर्षे गुणगौरव समारंभात दिसतो.

चलथाणचा साखर कारखाना रोज डोळ्यांसमोर आहे. एकट्या शेतकऱ्याला साखरेचे यंत्र परवडणारे नव्हते, सहकारी मंडळी करून ते घेतले. दहा पंचिंगवाल्यांनी मिळून संगणक घेणे, स्वतःची डिझाइने स्वतःच्या नावावर ठेवणे, एआयवर स्वतः नमुने काढून सरळ मार्केटला विकणे यात अशक्य काय आहे? वाडीच्या फंडातून त्याची सुरुवात करा, ही माझी उघड मागणी आहे. पदाधिकाऱ्यांना राग येईल, येऊ द्या.

उद्यम नोंदणीला सरकारी फी नाही, तरी एजंट पैसे घेतात. म्हणून दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी वाडीत बसतो. आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक घेऊन या. गेल्या रविवारी तिघे आले होते. त्यातले एक वर्गणीची पावती फाडायला.