मानेतील गाठ आणि सुईची भीती

मानेत गाठ आली की वडीलधारी मंडळी बजावतात, "सुई लावू देऊ नका, गाठ पसरेल!" माझ्या मते ही भीती अनाठायी आहे. तपासणीची सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्यामुळे रोग पसरणे अत्यंत विरळा. शिवाय ती अंदाजाने टोचावी लागत नाही. सेकंदाला सुमारे एक कोटी कंपनांचा श्राव्यातीत ध्वनी मानेत सोडतात. तेथे त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर, म्हणून तरंगलांबी ०.१५ मिलिमीटर. (भागाकार करून पाहाच!) इतक्या आखूड तरंगांमुळे शेजारची रोहिणी चुकवून गाठीत शिरणारे सुईचे टोक पडद्यावर दिसते. काढलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गाठ क्षयाची निघाली तर औषधांनी बरी होते. कर्करोगाची असेल तर लेप लावण्यात घालविलेला प्रत्येक महिना महाग पडतो.