घरचंच माणूस, पोटावारी

परवा मावसभावाचा फोन आला. ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या सोडतीत त्याचं नाव निघालंय. वर्षाला फक्त १,००० भारतीयांना हा व्हिसा मिळतो, तेव्हा आनंद साहजिकच. "ताई, एका फार्मवाल्याशी बोलणंही झालंय. राहणं-जेवण फुकट, रोज पाच तास काम. मस्त ना?" मागून मावशी म्हणाली, "चला, पोराच्या खाण्यापिण्याची काळजी मिटली!"

मी "हो, बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. तोंडावर नाही म्हणायचं धाडस मला कधीच नसतं, म्हणून इथे लिहितेय. मावशी, तू हा ब्लॉग वाचतेस हे मला ठाऊक आहे. शेवटपर्यंत वाच.

मीही २०२५ मध्ये हेच केलं होतं. तेव्हा इथे संत्र्यांचे, कांगारूंचे फोटो टाकले आणि तुम्ही सगळ्यांनी "किती वेगळा अनुभव!" म्हणून कौतुक केलंत. फोटोंच्या मागचं मी लिहिलं नव्हतं. चूक माझीच.

आधी चांगलं सांगते. माझं पहिलं घर एका निवृत्त जोडप्याचं होतं. परसातली भाजी, दहा-बारा कोंबड्या, सकाळी चार तास खुरपणी. दुपारनंतर मी मोकळी. रात्री एका टेबलावर जेवण, आजींना मी फोडणीचं वरण शिकवलं. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये स्यू कॉपर्ड यांनी 'वूफ'ची कल्पना काढली ती अशीच होती. शहरातल्या माणसांनी शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर हात लावायचा आणि त्याबदल्यात जेवायचं, राहायचं. त्यात वाईट काहीच नाही. आपल्याकडेही लग्नघरी पाहुणे लाडू वळतातच की.

दुसरं ठिकाण मिल्डुराच्या बाजूला, मरी नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या पट्ट्यात. निफाडच्या मुलीला वाळवंटात कालव्यावर उभी राहिलेली द्राक्षं-संत्री बघून भरूनच आलं! बोली पाच तासांची होती, आठवड्यातले पाच दिवस. पहिल्या आठवड्यात पाचाचे सात तास झाले, पाचाचे सहा दिवस झाले. काम संत्री तोडायचं. गळ्यात पिशवी, शिडीवर चढायचं, पिशवी भरली की मोठ्या खोक्यात रिकामी करायची. खोके ट्रकमध्ये जायचे, ट्रक बाजाराला. माझी राहायची सोय शेडमागच्या जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये. जेवण म्हणजे पास्ता, पाव आणि अंडी. मालक प्रेमाने म्हणायचा, तू आमच्या घरचीच आहेस.

आता हिशोब करू. १ जुलै २०२५ पासून तिथलं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर ठरलं होतं. आठवड्याचे ४२ तास म्हणजे साधारण १,०४८ डॉलर. हंगामी मजुराला त्यावर २५ टक्के जास्त, ते मी धरतच नाही. तिथून निघाल्यावर मी गावातल्या हॉस्टेलला आठवड्याचे २२० डॉलर दिले आणि जेवायला शंभरेक लागले. म्हणजे ३२० डॉलरच्या 'फुकट' सोयीसाठी मी दर आठवड्याला सातशेहून जास्त डॉलर मालकाला सोडत होते. फुकट नेमकं कोणाला मिळत होतं?

बरं, व्हिसाचं तरी काम व्हावं? दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा तर ठरावीक भागांत, ठरावीक प्रकारचं तीन महिने काम दाखवावं लागतं. पूर्वी बिनपगारी कामही चालायचं. लोक सहीसाठी वाट्टेल ते सोसतात हे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये सरकारने ते बंद केलं. आता पगाराचा पुरावा लागतो. मी मालकाला दिवसांबद्दल विचारलं तर म्हणाला, हे कुठे काम आहे, तुला पगार कुठे देतोय मी? म्हणजे पगार नाही म्हणून ते काम नाही, आणि काम नाही म्हणून पगार नाही! तीन आठवड्यांनी मी बॅग उचलली.

आणि गंमत म्हणजे १ जुलै २०२४ पासून ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना ही शेतकामाची अटच नाही. आपल्याला आहे. ज्याला सहीची गरज जास्त, त्यालाच आधी राबवून घेतात.

लोक म्हणतील, "तुला कोणी बांधून ठेवलं होतं का?" नव्हतं. "अनुभव मिळाला ना?" मिळाला. पण अनुभव पगारी मजुरालाही मिळतोच, त्यासाठी मजुरी कापत नाहीत. शिवाय शिडीवर मी फुकट उभी होते म्हणून एक पगारी माणूस तिथे नव्हता. तिथल्या मजुरांच्या बाजूने लढणाऱ्यांनी २८ एप्रिल २०२२ पासून उक्त्या तोडणीलाही तासाच्या किमान मजुरीची हमी मिळवली. आपण हसतहसत फुकट राबून त्यावर पाणी ओतायचं?

खरं कारण आता लिहिते. (आई रागावणार, पण लिहितेच.)

"घरचंच माणूस" हे शब्द मी त्याआधीही ऐकले होते, आपल्याच वाड्यात. आजोबा आपल्या सालगड्याबद्दल हेच म्हणायचे. पाडव्याला त्याचं साल ठरायचं. थोडे पैसे, धान्य, कपड्याचा जोड. जेवण गोठ्याशेजारी, ताट वेगळं. दिवस किती तासांचा हे कोणी मोजलंच नाही. तो निघून जाऊ शकत नव्हता, कारण अंगावर उचल होती. माझ्या पाठीशी पासपोर्ट होता, बँकेत पैसे होते, म्हणून मी तीन आठवड्यांत सुटले. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. पण कॅरॅव्हॅनच्या पायरीवर एकटीने पास्ता खाताना मला तो आठवला. अशा कामाला आपल्याकडे पोटावारी राबणं म्हणतात. तेच परदेशात केलं की सांस्कृतिक देवाणघेवाण होते आणि आपण त्याचे फोटो टाकतो.

तर भाऊराया, जरूर जा. देश सुंदर आहे, माणसंही बहुतेक चांगली आहेत. एकच कसोटी लाव: तुझ्या हातचा माल विकला जाणार आहे का? परसातल्या टोमॅटोला पाणी घालायचं असेल तर आनंदाने घाल आणि त्यांच्या टेबलावर जेव. पण संत्र्याची पावती फाटत असेल तर तोडणीची मजुरी माग. पैशात, पगाराच्या चिठ्ठीसकट. तास रोज वहीत लिही. कोणी फसवलं तर तिथल्या फेअर वर्क ओम्बड्समनकडे जा. त्यांचा नंबर १३ १३ ९४. परदेशी माणसालाही तक्रार करता येते.

आणि मावशी, त्याच्या खाण्यापिण्याची काळजी करू नकोस. पगार मिळाला की पोरगा स्वतःचं स्वतः घेऊन खाईल.