फी माफ झाली, खर्च उरलाच

मुलींना व्यावसायिक शिक्षण फुकट दिल्याने तिजोरीवर भार पडतो आणि शिक्षणाची किंमतही राहत नाही, असे एका वाचकाने लिहिले आहे. मुळात हे शिक्षण फुकट झालेलेच नाही. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची सवलत ५० टक्क्यांवरून १०० टक्के झाली, पण ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कापुरतीच. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला तर ती लागूच नाही. प्रवेशाच्या पावतीवर विकास शुल्काची ओळ तशीच असते. शिवाय परगावी राहायचे तर खोलीभाडे आणि मेस आलीच. आमच्या शेजारची मुलगी अभियांत्रिकीला आहे. हे पैसे भरायला तिच्या वडिलांनी पडत्या भावात सोयाबीन विकले. त्यांना या शिक्षणाची किंमत कोणी शिकवू नये.

माफ झालेली रक्कम शासनाकडून उशिरा येते, म्हणून काही महाविद्यालये ‘आधी भरा, मग परत मिळतील’ असे सांगतात. गरीब घरातली मुलगी तिथूनच मागे फिरते.

राहिली तिजोरीची गोष्ट. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर करा, हे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तोच आकडा पुन्हा लिहावा लागला.

शासनाने प्रतिपूर्तीची रक्कम सत्र सुरू होण्याआधी महाविद्यालयांना द्यावी आणि विकास शुल्कही माफ करावे, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त प्राध्यापक, लातूर