लाडकी नको, हिस्सेदार म्हणा

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या तालुक्याच्या गावी एका बँकेत गेले होते. दारातला शिपाई ओरडत होता, "लाडक्या बहिणी इकडं, बाकीचे तिकडं!" बायका मुकाट्यानं एका अंगाला झाल्या. माझ्या शेजारी आमच्या गटातल्या एक मावशी होत्या. पंचावन्नच्या असतील. नवऱ्यानं टाकल्याला वीस वर्षं झाली. त्या मला म्हणाल्या, "मी कुठल्या रांगेत जाऊ गं? मी लाडकी होते, आता नाही राहिले. कागद अडलाय."

हे त्या थट्टेनं म्हणाल्या नाहीत. म्हणूनच मला ते लागलं.

मैत्रिणींनो, शब्द किती लवकर अंगवळणी पडतात बघा. २८ जून २०२४ रोजी 'मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षांच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बायकांना महिन्याला १,५०० रुपये. वर्षभरात 'लाडकी बहीण' हे नातं राहिलं नाही, ती एक जात झाली. 'ती लाडकी आहे का?' म्हणजे तिच्या खात्यात पैसे येतात का. 'लाडकीचे आले का?' म्हणजे हप्ता जमा झाला का. नावात पहिला शब्द 'मुख्यमंत्री' आणि दुसरा 'माझी' आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. माझी म्हणजे कुणाची? पैसा तर सरकारी तिजोरीतला, म्हणजे साबणासारख्या रोजच्या वस्तूंवर कर भरणाऱ्या तुमचा-माझा.

आणि मराठीत 'लाडकी' कधी एकटी येत नाही, तिच्या पाठोपाठ 'दोडकी' येते. आपल्या व्रतांच्या कहाण्या आठवा. राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. नावडतीचा गुन्हा काय ते बहुधा सांगितलेलंच नसतं. राजाची मर्जी नाही, एवढंच. २०२५ मध्ये पडताळणी सुरू झाली आणि वर्तमानपत्रांत 'अपात्र बहिणी', 'बोगस बहिणी' असे मथळे झळकले. कागद बोगस असतो, दाखला बोगस असतो. बहीण कशी बोगस असेल? पण 'लाभार्थी' हा रुक्ष शब्द टाकून लाडाचा शब्द घेतला की असंच होणार. लाभार्थी अपात्र ठरली तर ती अपील करते. बहीण नावडती झाली तर ती काय करणार? रुसणार.

लाडाच्या नावाखाली नियम कोणत्या भाषेत लिहिलेत तेही पाहा. शासन निर्णयात पात्र कोण? विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि कुटुंबातली केवळ एक अविवाहित. म्हणजे बाईची ओळख पुन्हा नवऱ्यावरूनच: आहे, मेला, सुटला, सोडून गेला. घरात दोन बिनलग्नाच्या मुली असल्या तर त्यातली एकच लाडकी! २०२५ मध्ये ई-केवायसी आली तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. मावशींचा कागद अडला तो इथेच. वीस वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याचा नंबर त्यांनी कुठून आणायचा?

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. २००६ साली मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसून हक्कसोडपत्रावर सही केली. त्याच वर्षी मी गावोगाव वारसा हक्काची पत्रकं वाटत हिंडत होते, हे लपवत नाही. महाराष्ट्रात १९९४ सालीच कायद्यानं मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं आणलं होतं, २००५ मध्ये ते देशभर झालं. हे मला तोंडपाठ होतं. पण आई म्हणाली, "तुला माहेर हवं की वावर?" दस्तात ठरलेली वाक्यं होती: 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता.' सही झाल्यावर भावानं साडी घेतली, हॉटेलात जेवू घातलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "आमची ताई लई लाडाची." त्या दिवशी मला कळलं की आपल्या भाषेत बहीण लाडकी कधी होते. सात-बारावरून तिचं नाव गेलं की. जी सही करत नाही तिच्यासाठीही शब्द आहेत: हिस्सा मागायला आली, भावाच्या पोटावर उठली, माहेर तोडलं.

म्हणून सरकारनं नेमकं हेच नातं निवडलं याचं मला आश्चर्य वाटत नाही. भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो. किती घालायची, कधी घालायची, हे त्याच्या मनावर. ओवाळणीचा हिशेब मागायचा नसतो. साडीचोळीवर बोळवण हा वाक्प्रचार उगीच नाही जन्मला.

याच महाराष्ट्रानं ७२च्या दुष्काळानंतर एक वेगळा शब्द घडवला होता: 'हमी'. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारभत्ता द्या. खडी फोडणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. मजुरी थकायची, मोजमापात फसवणूक व्हायची, सारं खरं. पण त्या बायका तहसीलवर मोर्चा नेत तेव्हा 'हमी' हा शब्द त्यांच्या हातात होता. 'आम्ही काम मागतो, भीक नाही' असं त्या म्हणू शकत होत्या. आता कुणी मोर्चा काढून काय म्हणेल? 'आमचे लाड पूर्ववत करा'?

पण आपल्याच काही मंडळींना दोन शब्द सुनावल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेंबर २०२४ चा विधानसभेचा निकाल लागला आणि आपल्या बैठकांतूनही ऐकू आलं, "बायका पंधराशेला विकल्या गेल्या." 'विकली गेली' हा शब्दप्रयोग कुठून येतो हे आपल्याला कळू नये? शेतकऱ्याच्या खात्यात वर्षाला सहा हजार येऊ लागले तेव्हा तो विकला गेला असं मी तरी क्वचितच ऐकलं. त्या पंधराशेत कुणी गॅस भरला, कुणी रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या. कितीतरी जणींच्या खात्यात नवऱ्याला न विचारता खर्चता येईल असा तो पहिला पैसा. पैसे जरूर घ्या. भांडण पैशाशी नाही, नावाशी आहे.

आणि नाव तर आपलंच उचललंय! आपण 'भगिनीभाव' म्हणत होतो. त्यात बहीण बहिणीला हाक मारत होती, एकीच्या दारात मार पडला तर दहा जणी जमत होत्या. आज तोच शब्द वरून खाली येतो आणि शेजारणी शेजारणींत 'तिला मिळाले, मला नाही' म्हणून अबोला धरतात.

मावशींचा अर्ज मी लिहून दिला. नवरा सोडून गेल्याचा, त्याचा ठावठिकाणा नसल्याचा. शेवटी सवयीनं 'आपली नम्र भगिनी' असं लिहायला घेतलं तर त्यांनी हात धरला. "बहीण नको लिहू. मला एक भाऊ आहे, तेवढा बास. नुसतं नाव लिही माझं, आईबापानं ठेवलेलं."

तसं लिहिलं. पोच शिक्क्यानिशी घेतली आहे.